शुक्रवारचा आवाज

कराड
८ जानेवारी २००१

सलोनीताई,

नमस्कार. मी खंडेराव शेवाळे, इथल्या अंध विद्यालयातला गणिताचा मास्तर. 'बोलकी'वर काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या ईमेलच्या यादीवर तुमच्या या प्रोग्रॅमच्या चुका काढून तुम्हाला हैराण करणारा तो मीच. दिवाळीनंतर तुमचं उत्तर नाही. बसस्टँडजवळचा सायबर कॅफेवाला मला मेल वाचून दाखवतो आणि दर खेपेला "सर, काही नाही" म्हणतो. त्याला वाचायचा कंटाळा येत असेल असा मला संशय आला, म्हणून सीडीच्या वेष्टनावर छापलेल्या गुडगावच्या पत्त्यावर हे साधं टपाल पाठवतो आहे. पत्र मी स्वतः टाइप केलं आहे आणि तुमच्या 'बोलकी'नेच ते मला परत वाचून दाखवलं आहे, तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्यांत तुमचाही वाटा धरा.

आधी चांगलं सांगतो. कंपनीने पाठवलेल्या सीड्या मिळाल्या. आमच्या अध्यक्षांनी पहिले काही दिवस त्यांना हात लावू दिला नाही. गुडगावची कंपनी, गिऱ्हाइकं परदेशी, आणि आंधळ्या पोरांना मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट देते, वर कोणीही तो उघडून दुरुस्त करावा म्हणते, तेव्हा यात गोम असणार असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तुम्ही यादीवर लिहिलेलं सांगितलं. कंपनी शुक्रवारची दुपार तुम्हाला अशा कामाला देते, प्रोग्रॅम ठेवायला आपला सर्व्हर देते, आणि गावोगावचे हौशी लोक एकमेकांचं तोंड न पाहता त्यात भर घालत राहतात. तोंड न पाहता काम करणं आम्हाला नवीन नाही, त्यामुळे मला पटलं. अध्यक्षांना अजून पटायचं आहे.

पोरांना ताईंचा आवाज फार आवडतो. तुमचा 'च' मात्र पक्का दिल्लीचा. चमचा, चांदणं, चाबूक, सगळं तुम्ही हिंदीसारखं म्हणता, आणि आता कराडची पोरंही तसंच म्हणायला लागली आहेत. मराठीच्या बाई माझ्यावर रागावल्या आहेत.

आता तक्रार. तुम्ही रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बोलतो, हे मला कळतं. काही जोडाक्षरांचे तुकडे राहिले आहेत. अठ्ठावीस म्हणताना ताई 'अ' म्हणतात, गप्प होतात आणि मग 'वीस' म्हणतात. अठ्ठेचाळीस, अठ्ठावन्न, सगळ्यांची तीच गत. तुम्ही यादीवर लिहिलं होतंत, की पुढच्या शुक्रवारी राहिलेले तुकडे रेकॉर्ड करते. तसे शुक्रवार बरेच होऊन गेले. यादीवरच्या पुण्याच्या हेमांगीबाई नव्याने सगळा आवाज द्यायला तयार आहेत, पण पोरांना तुमच्याशिवाय कोणी नको. मला पोरांना गणित शिकवायचं आहे ताई, एवढं मनावर घ्या.

तुमचा चुका-काढू,
खंडेराव शेवाळे


फरीदाबाद
२ फेब्रुवारी २००१

महोदय,

आपले दि. ८ जानेवारीचे पत्र कंपनीमार्फत या पत्त्यावर आले. मी कु. सलोनीचे वडील. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर दिल्लीतले आर. के. पुरमचे सरकारी क्वार्टर सोडून आम्ही इथे राहतो.

सलोनी सध्या उत्तर देऊ शकत नाही. आपण निदर्शनास आणून दिलेल्या त्रुटींची नोंद घेतली आहे. बाब विचाराधीन आहे.

आपल्या पत्रात 'ताईंचा आवाज' असा उल्लेख आला आहे. हा सलोनीचाच आवाज काय, याचा कृपया खुलासा व्हावा.

आपला,
गुणवंत सबनीस


कराड
२० फेब्रुवारी २००१

सबनीससाहेब,

तुमचं पत्र आमच्या विनयाबाईंनी वाचून दाखवलं. शाळेचं सगळं टपाल त्याच वाचतात. 'बाब विचाराधीन आहे' इथे त्या हसू दाबत होत्या ते मला ऐकू आलं. राग मानू नका. आमच्या अनुदानाची बाब माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून विचाराधीन आहे, तेव्हा हे वाक्य आमच्या घरचंच आहे.

सलोनीताई उत्तर देऊ शकत नाहीत म्हणजे गेल्या वाटतं अमेरिकेला. तुमच्याकडच्या कंपन्यांतली चांगली माणसं रातोरात ऑनसाइट, म्हणजे परदेशी कामावर, जातात आणि यादीवरून गायब होतात, हे आम्हाला आता पाठ झालं आहे. आनंद आहे. त्यांना आमचा आशीर्वाद कळवा.

पण तुम्हाला खरंच ठाऊक नाही? 'बोलकी' ज्या आवाजात बोलते तो तुमच्या लेकीचाच आवाज आहे. यादीवर बरेच दिवस चर्चा चालली होती, की आवाज कोणाचा घ्यायचा. स्टुडिओला पैसे कुठले. शेवटी ताईंनी लिहिलं, मीच बोलते. कंपनीने त्यांना जुन्या खुर्च्या ठेवायची एक खोली आणि एक चांगला माइक दिला. आवाज घुमू नये म्हणून घरून रजई नेऊन त्यांनी भिंतीला टांगली. तिथे बसून शुक्रवारी दुपारी अर्थ नसलेले शब्द बोलायच्या. कक, कख, कग. एकदा लिहिलं होतं, की शिपाई दार उघडून बघून गेला आणि आता मला ऑफिसात सगळे वेडी समजतात.

घरी सांगितलं नसेल तर पुरं झाल्यावर सांगणार असतील. मी त्यांच्या गमतीवर पाणी ओतलं असेल तर माफी असावी.

आपला,
खंडेराव


फरीदाबाद
३० मार्च २००१

श्री. खंडेराव यांस,

उत्तराला उशीर झाला.

ती रजई आम्ही गेल्या थंडीत फार शोधली. माझ्या बायकोच्या, चंद्रप्रभाच्या, माहेरची जुनी रजई होती. सोसायटीच्या धोब्यावर आळ घेऊन झाला होता. आपले पत्र वाचून मी गुडगावला गेलो. त्या बाजूला मी क्वचितच जातो. काचेच्या इमारती उठल्या आहेत आणि मधेच मोहरीचं शेत. कंपनीत जयदीप नावाचा तिच्या शेजारी बसणारा मुलगा भेटला. त्याने मला ती खोली दाखवली. रजई भिंतीवर तशीच होती, चारही कोपऱ्यांना खिळे मारलेले. खिळे बघून चंद्रप्रभाने तिला काय सुनावलं असतं ते मला तिथल्या तिथे ऐकू आलं.

जयदीपने एक जुना कॉम्प्युटर घरी आणून लावून दिला. म्हणाला, "अंकल, आप कुछ भी टाइप करो, वो बोलेगी." मी विजेचं बिल टाइप केलं. दुसरं काही सुचलं नाही. तिने ते पूर्ण वाचलं, मीटर नंबरसकट. खंडेरावजी, मी आयुष्यभर फायली वाचल्या, पण त्या दिवशी ते बिल मी पुन्हापुन्हा ऐकत बसलो.

तेव्हापासून मी रोज वर्तमानपत्रातली एखादी बातमी टाइप करतो. बातमी, हवामान, रेल्वेचं वेळापत्रक. तिचं स्वतःचं बोलणं वाटेल असं मात्र एकही वाक्य मी टाइप करत नाही. जे तिने म्हटलं नाही ते तिच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही, असं मला वाटतं.

माझी बायको त्या खोलीत येत नाही. ती म्हणते, हे तुकडे आहेत, ही माझी मुलगी नाही. तुम्ही 'च'बद्दल लिहिलंत ते मात्र तिला वाचून दाखवलं. या 'च'वरून तिने सलोनीला लहानपणापासून टोकलं. बाहेर सगळं हिंदी, मुलं काय करणार. आमच्या घरात दोनच गोष्टी कधी चुकल्या नाहीत. सलोनीने दारातून "आई, मी आले" म्हणायचं, आणि ती वेळेच्या आधी आली तरी हिने आतून "आज फार उशीर केलास" म्हणायचं.

ती कुठे आहे याबद्दल तुम्ही लिहिलंत. ती लांब आहे एवढं खरं आहे.

आपला,
गुणवंत सबनीस


कराड
१६ जून २००१

सबनीससाहेब,

तुमचं पत्र विनयाबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी न सांगता. मुलगी परदेशी गेली की घर कसं होतं ते मला ठाऊक आहे, माझी बहीण दुबईला आहे. आई अजून तिचं ताट मांडते आणि मग उचलते. वहिनींना सांगा, तुकडे तर तुकडे. माणूस येईपर्यंत तेवढ्यावर भागवायचं.

सोबत एक फ्लॉपी आहे. हेच पत्र त्यात आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर लावा, ताई वाचून दाखवतील. तुम्हीही उलट टपाली फ्लॉपी पाठवा. विनयाबाई भल्या आहेत, पण दर पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे जेवताना दुसऱ्याने घास भरवल्यासारखं होतं. 'बोलकी' आल्यापासून मी माझी पत्रं माझी मी वाचतो. ताईंच्या आवाजात, पण माझी मी. हे त्यांना फोनवर जरूर सांगा.

आमची शबाना येत्या मार्चला दहावीला बसते. वर्गात सगळ्यात हुशार. तिने ताईंना विचारलं आहे, की दिवाळीला सुट्टीवर याल तेव्हा कराडला याल का. ताईंच्या हाताला हात लावून बघायचा आहे म्हणते. मी तिला सांगितलं, विचारतो. आणि दिवाळीपर्यंत राहिलेले तुकडेही होतील ना? तिकडे माइकला तोटा नसेल. त्या भरवशावर मी हेमांगीबाईंना नाही कळवून टाकलं. थोडं तोंडावरच बोललो. आम्हाला आमची ताई आहे, म्हटलं.

यादीवर अशी बातमी आहे की तुमची कंपनी शुक्रवार बंद करते आहे आणि सर्व्हरही. खरं का?

खंडेराव


फरीदाबाद
११ ऑगस्ट २००१
(फ्लॉपीवर)

खंडेरावजी,

हे मी एका बोटाने टाइप केलं आहे. जयदीपने बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवून दिले आहेत.

शुक्रवार बंद झाला, हे खरं. अमेरिकेतली कामं आटली, बऱ्याच जणांना काढलं. जयदीप राहिला. सर्व्हरही बंद होणार होता. मी कंपनीच्या मॅनेजरांना अर्ज लिहिला, मुद्देसूद, मी जन्मभर लिहिले तसा. मग भेटायला गेलो. मनुष्य वाईट नाही. म्हणाला, धंदा होता तेव्हा हे काम आम्ही मनापासून केलं, आता पगार द्यायचे कसे या विवंचनेत आहोत. पण सर्व्हर चालू ठेवेन म्हणाला, तो त्याच्या हातात होता. आणि सीड्या टपालाने पाठवायचं काम मी घरून करीन असं म्हटलं तर उरलेली सगळी खोकी माझ्या स्कूटरवर बांधून दिली. निघताना त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

तर आता शुक्रवारऐवजी शनिवारी ही मुलं माझ्याकडे जमतात. जयदीप, आणि कामावरून काढलेले आणखी दोघं. पंजाबी, बंगाली, मल्याळी. मराठी कोणालाच येत नाही, पण मराठी बोलणारा प्रोग्रॅम नीट करत बसतात. अडलं की मला विचारतात, अंकल हे बरोबर बोलली का. मी सांगतो. चंद्रप्रभा पोहे करून दाराशी ठेवते. अजून आत आलेली नाही, पण पोह्यांत खोबरं घालायला लागली आहे.

तुम्ही दिवाळीचं विचारलंत. तुकड्यांचंही विचारलंत. मी काय लिहू. बाब विचाराधीन आहे. हसू नका.

शबानाला आशीर्वाद.

गुणवंत


कराड
२४ नोव्हेंबर २००१

सबनीससाहेब,

हे पत्र मी फ्लॉपीवर पाठवत नाही. रागाने लिहिलं आहे आणि ते ताईंच्या आवाजात तुमच्या कानावर पडू नये.

दिवाळी झाली. शबाना फराळाचा डबा बाजूला काढून बसली होती. ताई आल्या नाहीत, कळवलंही नाही. ते सोडा. कालच सहामाहीचे पेपर तपासून झाले. शबाना गणितात नापास झाली. मी तिच्या शेजारी बसून एकेक उदाहरण तोंडी करून घेतलं तेव्हा उलगडा झाला. अठ्ठावीसच्या जागी वीस, अठ्ठावन्नच्या जागी नुसताच गोंधळ. मी म्हटलं, अगं तुला अठ्ठावीस माहीत नाही का? ती म्हणाली, माहीत आहे सर, पण पुस्तक वाचताना ताई थांबतात तेव्हा मधलं कधी मनात म्हणायचं आणि कधी नाही ते मला कळत नाही. ताईंची चूक असेल असं त्या पोरीच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तिने दोष स्वतःकडे घेतला.

दहावीला बसणारी आमची ही पहिलीच तुकडी या प्रोग्रॅमवर शिकलेली आहे. ती नापास झाली तर अध्यक्ष कॉम्प्युटर विकून टाकतील आणि पुन्हा कोणी आमच्या हातात असलं काही देणार नाही.

एक दुपार, साहेब. अमेरिकेत एवढी एक दुपार मिळत नाही? तिकडे गेल्यावर माणसं मागचं विसरतात हे मला माहीत आहे, माझ्या बहिणीचंही तेच झालं. पण ज्या बाईने रजई टांगून कक कख केलं ती असं करील असं वाटलं नव्हतं. त्यांना वेळ नसेल तर नाही म्हणून टाका. हेमांगीबाईंचे पाय मी धरीन. पण हो की नाही ते एकदा सांगा. विचाराधीन नको.

खंडेराव शेवाळे


फरीदाबाद
२ डिसेंबर २००१

खंडेरावजी,

हे पत्र हाताने लिहितो आहे. विनयाबाईंना विनंती, की त्यांनी ते एकट्या खंडेरावजींसमोर वाचावं.

सलोनी अमेरिकेला गेलेली नाही. ती गेल्या वर्षी नोव्हेंबरात गेली. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या आधी. फरीदाबाद-गुडगाव रस्त्यावर खाणींचे डंपर चालतात. ऑफिसातून परत येत होती. तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी ती तुमचे राहिलेले तुकडे रेकॉर्ड करणार होती, तसं तिने टेबलावर कागद चिकटवून ठेवलं होतं. जयदीपने ते मला पुढे सांगितलं. यादीवर कोणी कळवलं नव्हतं, आणि नंतर मीही जयदीपला कळवू दिलं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा तिच्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र होतं. त्यात ती जिवंत होती. तुम्ही तिच्यावर चिडला होतात, तिची थट्टा करत होतात, तिच्याकडे काम मागत होतात. आमच्याकडे येणारे सगळे हळू आवाजात बोलत होते. मी उत्तर लिहायला बसलो आणि नोकरीत शिकलेलं वाक्य लिहून टाकलं. त्या वाक्याची हीच सोय असते, की त्यात खोटं काही नसतं आणि काहीच सांगावं लागत नाही. मग तुम्ही अमेरिका लिहिलंत. मी 'नाही' म्हणायला पेन उचललं होतं. पण मला वाटलं, कराडमध्ये तरी असू दे. एका गावात तरी ती नुसती लांब असू दे.

त्यापायी शबाना नापास झाली. मुलीचा दोष नाही हे तिला आजच सांगा. ताईंचाही नाही. माझा आहे.

तिचा आवाज आता पुरा होणार नाही. जयदीप म्हणतो, दोन माणसांचे तुकडे एकत्र जोडता येत नाहीत, किरकिर होते. तेव्हा संपूर्ण नवा आवाज घ्या. हेमांगीबाईंना मी वेगळं पत्र लिहून माफी मागितली आहे. सलोनीचा आवाज काढून टाकावा लागला तर काढा. मुलं तिच्यासाठी नाही म्हणतील, तरी त्यांचं ऐकू नका. तिने हे सगळं मुलांनी शिकावं म्हणून केलं, आम्ही ऐकत बसावं म्हणून नव्हे.

रजई पार्सलने पाठवतो आहे. खोलीत आवाज घुमू नये म्हणून लागेल. कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं आहेत, तीच वापरा, नवी पाडू नका असं चंद्रप्रभाने सांगायला सांगितलं आहे. घडी तिने स्वतः घातली.

हे फ्लॉपीवर का पाठवलं नाही, ते तुम्ही ओळखलं असेल. सुरुवात तिथेच केली होती. पहिल्या ओळी टाइप केल्या आणि सवयीने तपासायला बटण दाबलं. ती वाचायला लागली. तिच्या मरणाची बातमी ती स्वतः सांगायला लागली, त्याच सरळ आवाजात, विजेचं बिल वाचल्यासारखी. मी वायर उपटली.

तुम्ही कितीही रागावलात तरी योग्यच आहे.

गुणवंत सबनीस


कराड
१९ जानेवारी २००२

सबनीससाहेब,

विनयाबाईंना तुमचं पत्र पुरं वाचता आलं नाही. मधे उठून बाहेर गेल्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं. मधली रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

मी रागावलो होतो, हे खरं सांगतो. तुमच्यावर, आणि मग स्वतःवर. गेलेल्या मुलीला मी विसरभोळी म्हटलं. तुमच्या हातात ते पत्र पडलं तेव्हा काय झालं असेल. दुसऱ्या कोणी माझ्या बहिणीबद्दल असं लिहिलं असतं तर मी पत्र फाडलं असतं. तुम्ही रजई पाठवलीत.

पोरांना सांगितलं. शबाना म्हणाली, सर, म्हणजे आपण वर्षभर त्यांच्याकडूनच शिकत होतो आणि त्या नव्हत्या? मी नुसतं हो म्हटलं. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या दिवशी कोणी गेलं नाही.

हेमांगीबाई स्वतः आल्या. तुमचं पत्र पर्समध्ये होतं. माझ्या तोंडाळपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. कोठीच्या खोलीत रजई टांगली, जुन्याच भोकांतून. त्यांनी आधी रजईला हात लावला आणि मग बोलायला बसल्या, असं विनयाबाई सांगतात. सगळे तुकडे केले, ठ्ठ सकट. शबाना आता अठ्ठावीस ऐकते. गणितं सुटायला लागली आहेत. पण जिथे ताई थांबायच्या तिथे ती अजून क्षणभर थांबते. मी तिला टोकत नाही.

आपल्या कामाचा रिवाज तुम्हाला जयदीपने सांगितला असेल. आवाज बदलतो, माणसं येतात-जातात, पण प्रोग्रॅमबरोबर जाणाऱ्या नावांच्या यादीतून कोणाचं नाव काढत नाहीत. पहिलं नाव ताईंचं आहे आणि तेच राहील. जुना आवाज सर्व्हरवर ज्याला हवा त्याला मिळेल. आम्हीही एका कॉम्प्युटरवर ठेवला आहे. नवी सीडी सोबत आहे. ती तुम्ही लावावी असं मी म्हणत नाही.

वहिनींना माझा नमस्कार. कराडमधून ताई गेल्या नाहीत. इथली पोरं अजून 'चमचा' दिल्लीचाच म्हणतात.

तुमचा,
खंडेराव


फरीदाबाद
१० मार्च २००२

प्रिय खंडेराव,

शबानाची परीक्षा सुरू झाली असेल. गणिताचा पेपर कसा गेला ते कळवा.

नवी सीडी आली त्या शनिवारी मुलं जमलीच होती. जयदीपने विचारलं, अंकल, लगा दूँ? मी हो म्हटलं. हेमांगीबाईंचा आवाज स्वच्छ आहे. तुमचं पत्र मी पुन्हा टाइप करून त्या आवाजात ऐकलं. अठ्ठावीस नीट येतो. मी जयदीपला सांगितलं, यापुढे रोजचं वाचन याच आवाजात लाव. सलोनीकडून बिलं आणि हवामान वाचून घेणं आता पुरे. ती कोणाची नोकर नव्हती. तिचा आवाज आत कुठेतरी राहील, एवढं त्याने केलं.

मुलं निघायच्या तयारीत होती तेव्हा चंद्रप्रभा दारात येऊन उभी राहिली. पोह्यांच्या बश्या न्यायला आली असं आम्हाला वाटलं. तिने बश्या उचलल्या नाहीत. जयदीपला म्हणाली, बेटा, एक बार. एवढंच. त्याला समजलं. त्याने जुना आवाज लावून दिला आणि मुलांना घेऊन तो बाहेर गेला.

ती खुर्चीवर बसली. चष्मा विसरली होती, मी आणून दिला. कागद चिकटवलेली अक्षरं ती एकेक करून शोधत होती. मी तिला थांबवायला हवं होतं. सलोनीने न म्हटलेलं तिच्या तोंडी घालायचं नाही असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. पण मग पडद्यावर काय उमटतं आहे ते दिसलं, आणि हे वाक्य तर ती रोज म्हणायची. बटण कुठलं ते तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते दाबलं.

"आई, मी आले," सलोनी म्हणाली. सपाट आवाजात, शब्दांमध्ये जरा जास्त जागा सोडून, पण तीच.

चंद्रप्रभाने पडद्याकडे बघितलं नाही. ती दाराकडे बघत होती. मग पदराने चष्मा पुसला आणि नेहमीसारखी, थोडी कुरकुरत म्हणाली, "आज फार उशीर केलास."

तुमचा,
गुणवंत